दोरीबाहेरची खुर्ची

"ताई, जरा पाय धरता का?"

कापडाचा तागा सांभाळत ती दारातच थबकली. उलट्या पडलेल्या खुर्चीमागून एक डोकं वर आलं... केसांत भुसा, कानावर पेन्सिल. "खुर्चीचा," डोक्याने घाईघाईने खुलासा केला.

"धरते. पण ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नुसतं अहो म्हटलंत तरी चालेल."

"अहो? पहिल्याच भेटीत?" सुताराने डोळे मोठे केले. "आणि तसं तर बायको म्हणते नवऱ्याला!"

तिला खुदकन हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिने कधीचं ठरवलं होतं, आणि आली ती आली, वर हसतेय काय!

खोली मोठ्या फादरांची होती. होते ते बिशप, पण सगळे त्यांना मोठे फादरच म्हणत. पोटातलं मूल असो, अंथरुणाला खिळलेला म्हातारा असो, नाहीतर फाशीचा कैदी, कुणाचाही जीव घ्यायचा हक्क माणसाला नाही, हे त्यांचं म्हणणं. आणि लग्नाची गाठ देवाने बांधलेली, ती कोर्टाच्या शिक्क्याने सुटत नाही, हेही. कुणी त्यांना संत म्हणे, कुणी हेकट. खरं सांगायचं तर दोघांचंही फारसं चुकत नव्हतं. गेल्या वर्षी ते गेले. आता त्यांच्या खोलीचं स्मारक व्हायचं होतं. लाकडाचं काम त्या सुताराकडे आणि खुर्चीला नवं कापड चढवायचं तिच्याकडे.

काम हळूहळूच चाललं. तो चर्चच्या गायनवृंदात गायचा, त्यामुळे रंधा मारतानाही गुणगुणायचा.

"सूर जरा चढा लागतोय," ती टाके घालता घालता म्हणायची.

"लाकूड तक्रार करत नाही."

"लाकडाला कान नाहीत म्हणून!"

तिची कात्री हरवली की ती नेमकी त्याच्याच खिशात सापडायची. डब्यात चमचे दोन यायला लागले. पॉलिशचा वास तिच्या केसांना लागला आणि घरी गेल्यावरही तो तिला आवडू लागला... हे लक्षण काही ठीक नव्हतं.

एका दुपारी त्याने पिशवीतून लाकडी पाटी काढली. "बिशपांचे आसन." अक्षरं इतकी देखणी कोरलेली, की ती बघतच राहिली.

"या खुर्चीवर लावायची. भोवती दोरी," तो खुशीत म्हणाला. मग खुर्चीच्या हातावरून त्याने बोट फिरवलं. तिथलं कापड पार उसवलं होतं, दोरे लोंबत होते. "बघा ना, विचार करता करता किती ओरबाडलंय त्यांनी! जगाची काळजी डोक्यावर."

ती गप्प राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पाटी लागली असती, लोकांनी हात जोडले असते आणि डब्यात दोन चमचे येत राहिले असते.

"ही त्यांची खुर्ची नाही," ती म्हणाली. "ते त्या स्टुलावर बसायचे. ही... येणाऱ्यांसाठी होती. रडायला येणाऱ्यांसाठी."

"तुम्हाला काय माहीत?"

"यातले थोडे दोरे मी उसवलेत."

त्याचा हात तिथेच थांबला. मग तिने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने लग्न केलं ते आजारी वडिलांच्या हट्टापायी. वडील गेले, तसा तोही निघून गेला. कोर्टाने घटस्फोट दिला. मी पुन्हा लग्न करू शकते का, हे विचारायला ती इथे आली होती.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. हो म्हणणं माझ्या हातात नाही, म्हणाले. चर्चच्या न्यायालयात जा, ते लग्न मुळात लग्न होतं का, ते तपासतील, नसेल तर तू मोकळी... मी रागाने उठून गेले. बाहेर पाऊस होता. माझी विसरलेली छत्री घेऊन ते फाटकापर्यंत मागे आले, तर मी तीही घेतली नाही. मी वळणावर पोचेपर्यंत ते भिजत उभे होते."

"आणि न्यायालयात?"

"नाही गेले. परक्या माणसांसमोर कोण उकरत बसणार!"

दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेणारा माणूस होता तो. तिच्याशी चर्चबाहेर लग्न केलं, तर सगळे तो प्रसाद घ्यायला वेदीकडे जाताना त्याला बाकावर बसून राहावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने पाटी पिशवीत टाकली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिने मुकाट्याने खुर्ची पुरी केली. पाठ नवी, बैठक नवी. हातावरचं कापड मात्र तिने तसंच ठेवलं. आणि मग खुर्चीशेजारी उभं राहून ती रडली, कारण तो तिला हवा होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. स्टुलाभोवती त्याने दोरी बांधली. खुर्ची दोरीबाहेर ठेवली आणि तिच्या पाठीवर तीच पाटी ठोकली. जुनी अक्षरं रंध्याने काढून टाकलेली, आता एकच शब्द होता — "बसा."

"बसा ना," तो म्हणाला, आणि स्वतः जमिनीवर बसला. "मला चर्च सोडता येणार नाही. सोडीन म्हटलं तर ते खोटं होईल. पण तुमच्याशिवाय... दोन दिवसांत एक खिळा सरळ ठोकला नाही मी."

"अहो, ऐका ना," ती म्हणाली, आणि तो चमकून हसला. "मला तुम्ही आवडता. फार. सोमवारी मी चर्चच्या न्यायालयात अर्ज करणार आहे. तुमच्यासाठी... आणि माझ्यासाठीही. मलाही कळायला हवं, ते काय होतं. पण उत्तर 'नाही' असंच आलं तर?"

"तर फार वाईट वाटेल," तो हळूच म्हणाला. "तेव्हा इथेच येऊन बसू. सोमवारी मी बाहेर छत्री घेऊन उभा राहतो. या वेळी घ्या मात्र."

तिचे डोळे भरून आले. नकळत तिची बोटं खुर्चीच्या हातावरचा दोरा ओढू लागली. त्याने अलगद ती आपल्या हातात घेतली.

"तेवढे दोरे राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या माणसाला लागतील."