शंभरावर थांबलेले पाणी

शेगडी सारखी उष्णता देत राहते, आणि तिच्यावरचे पाणी मात्र शंभर अंशांवर जे थांबते ते पुढे सरकतच नाही. मग ती उष्णता जाते कुठे? चांद्रवसाहतीच्या स्वयंपाकघरात ऋजुताला या कोड्याने पुरते घेरले होते.

त्याला कारणही तसेच होते. तिची आई हरितगृहात रोपे लावी. जंतुनाशकाने हात पुनःपुन्हा धुऊन तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या आणि हातमोजे चढवतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येई. मलमासाठी तिथल्या मधमाश्यांचे मेण मिळाले, तर त्यातले अर्धे काल ऋजुताने थेट शेगडीवर ठेवून करपवले. आता लिंबाएवढा एक गोळा उरला होता. नवे मेण पुढच्या हंगामातच मिळणार होते.

तिचे आजोबा, भौतिकशास्त्रज्ञ अच्युतराव, रागावले नाहीत. पृथ्वीवरून आणलेल्या मोजक्या सामानातून त्यांनी एक दुहेरी पात्र काढले. बाहेरच्या तांब्याच्या भांड्यात पाणी घातले. त्यात बसणाऱ्या चिनीमातीच्या भांड्यात मेण आणि तिळाचे तेल. तांबे उष्णतेचे सुवाहक (उष्णता झटकन सर्वत्र पोहोचवणारे) असल्याने पाणी एकसारखे तापते, आणि मेणाला शेगडीची नव्हे, पाण्याची ऊब मिळते, असे त्यांनी समजावले.

पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम अनुचर या यंत्रमानवाकडे होते. बराच वेळ शंभराचाच आकडा पाहून, यात पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणत तो ताटे पुसायला निघून गेला.

ऋजुता कोड्यात बुडाली होती, तरी कान उघडे होते. पाण्याची खदखद ओसरली आणि बारीक चरचर ऐकू येऊ लागली. तिने झटकन शेगडी बंद केली.

"आजोबा, पाणी संपत आलंय."

"कढत पाणी घाल, ऋजू. गार घातलंस तर चिनीमाती तडकेल."

तिने जपून पाणी ओतले. मेण सोन्यासारखे पातळ होते, करपले नव्हते.

"पण तापमान तर शंभरच होते," परत आलेला अनुचर गोंधळून म्हणाला.

"तू आकडा पाहिलास बाबा, भांडे नाही पाहिलेस," आजोबा हसले. "ऋजू, पाणी कुठे गेलं?"

ऋजुताने खिडकीच्या काचेवर आतून साचलेल्या थेंबांकडे पाहिले. "वाफ होऊन गेलं. आणि उष्णता त्या वाफेनेच नेली!"

आजोबांचा चेहरा उजळला. पाण्याची वाफ होताना जी उष्णता आत शोषली जाते आणि तापमापकावर दिसत नाही, ती सुप्त उष्णता (लपलेली उष्णता), असे त्यांनी सांगितले. पाणी उरले आहे तोवर मेण सुरक्षित. ते आटले, की आच थेट मेणाला.

"स्वतः आटून जाते आणि दुसऱ्याला करपू देत नाही," ते हळूच म्हणाले. "अशा उपकारकर्त्याला इतके विसरू नये, की तो रिकामा होऊन जाईल."

पात्र निवल्यावर ऋजुताने लिंबाची साल आणि मीठ बाहेरून चोळून तांब्याचा काळपटपणा उतरवला. आतली कल्हई (तांब्यावरचा कथलाचा पातळ थर) खरवडू नये म्हणून तिथे नुसते मऊ फडके फिरवले आणि सारे कोरडे केले. पुसता पुसता तिने विचारले, मेण वितळतानाही अशीच उष्णता गिळत असेल, तर चंद्रावरच्या रणरणत्या दिवसात यंत्रांभोवती मेणाचे आवरण चालेल का? करून पाहू, असे आजोबा म्हणाले.

रोज ते मलम लावल्यावर काही दिवसांनी आईने हातमोजे चढवले. ऋजुता तिच्या डोळ्यांकडे पाहत होती. ते कोरडे होते.

स्वयंपाकघरात परतल्यावर तिने तांब्याच्या त्या पात्राला नमस्कार केला. शेजारी उभ्या अनुचरानेही क्षणभर विचार करून आपले पोलादी हात जोडले.