पुढच्या खेपेला

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

विहिरीत पोहणारा बिबट्या, येडशीच्या स्टेशनवर नुसता हात दाखवून रेल्वे थांबवणारी म्हातारी, तेरखेड्याच्या फटाक्यानं उडून शेजारच्या गावात पडलेला बोकड... हे सगळं मी पारावर बसून सांगितलंय. सगळं खोटं होतं.

हे खरं आहे.

थाप असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती. लाईट घालवली असती. पण हे घडलं भर दुपारी. गेल्या वर्षी, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बारा वाजून वीस मिनिटांनी. सास्तूरच्या अलीकडं, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या आमच्या गावात. राजपालच्या अंगणात. कुत्र्याची सावली कुत्र्याच्या पोटाखाली मावत होती, एवढं ऊन.

राजपाल सरळ माणूस. उमरग्याकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या केल्या आणि रिटायर होऊन घरी आला. बायको वारलेली. घरात मुलगी श्रावस्ती, शाळेत शिकवणारी. आणि पंच्याऐंशी वर्षांची आई, भिमाबाई. भूत, उतारा, देवऋषी असलं काही त्या घरात चालत नसे. लिंबू कापायचं ते फक्त पोह्यांवर पिळायला.

एकच गोष्ट होती. दोन वर्षांपासून भिमाबाईचं डोकं मागं मागं जायला लागलं होतं. नातीला ओळखेना. जेवल्याचं आठवेना. चालणं तर बंदच. पण रोज दुपारी बाजेवर उठून बसायची आणि विचारायची,

"राजपाल... होडी आली का रं?"

ती होडी कुठली, ते सांगतो.

राजपाल तेव्हा चौदा वर्षांचा. बाप आधीच गेलेला. त्या भाद्रपदात नदीनं आपली वाट सोडली आणि आमची जुनी वस्ती गिळली. एका घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, सात माणसं अडकली होती. तिसऱ्या दिवशी फायबरची मोटारबोट आली. आमच्याकडं तिला होडीच म्हणतात. चालवणारा ओरडला, "सहाच बसा! कडा पाण्याला टेकायला लागलीय. सातवं पुढच्या खेपेला!"

एक म्हातारा, त्याची म्हातारी, एक पोटुशी बाई आणि गल्लीतलं एक सोळा वर्षांचं पोरगं. चौघं आधीच उड्या टाकून बसले. उठायला कुणी तयार नाही. मग भिमाबाईनं राजपालला आत ढकललं आणि स्वतः बसली.

माळवदावर राहिली पौर्णिमा. नऊ वर्षांची. बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून पौर्णिमा.

भिमाबाईनं घरातला पितळी तांब्या तिच्या हातात दिला. म्हणाली, "ह्यो सांभाळ. तू शहाणी हाइस की न्हाय? पुढच्या खेपेला तू."

पुढची खेप झालीच नाही. तासाभरात माळवद गेलं.

वस्तीला एवढंच ठाऊक होतं.

तर राजपालच्या मनात आलं... आईला एक होडी आणून दाखवावी. 'माय, आली बघ. झाली खेप.' म्हणजे तिचा जीव शांत होईल, आणि सुखानं जाईल. सोलापूरकडच्या एका भंगाराच्या आवारात त्याला एक जुनी मोटारबोट सापडली. उताणी पडलेली. पोटात गवत वाढलेलं. ट्रॉलीवर घालून ती अंगणात आणली, आणि गावाला फुकटचा तमाशा मिळाला.

"राजपालभाऊ, ही चालवणार कुठं? टँकरच्या टाकीत?"

"न्हाय रे, श्रावस्तीच्या लग्नात वरात काढणार हायत. नवरदेव वल्हं मारणार!"

श्रावस्ती तर रडकुंडीला आलेली. "बाबा, आठ दिस झाले नळाला पाणी न्हाय. लोकं हंडे घेऊन पळतेत आन तुमी होडी घेऊन बसलाव. मला शाळंत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय."

"सँडपेपरनं घासतोय बाळा, पाण्यानं न्हाय," राजपाल म्हणाला.

फायबरवाल्यांची एक रीत असते. काम सुरू करायच्या आधी नाणं घ्यायचं आणि सगळं अंग वाजवून बघायचं. थर धड असेल तर 'टक' वाजतं. आत सुटला असेल तर 'ठप'. तिथं खुणेला खडूनं वर्तुळ काढायचं.

राजपालनं वाजवत फेरी मारली.

टक. टक. टक.

मागच्या कडेला आला. इंजिन बसतं त्याच्या शेजारी.

...ठप.

एक नाही. ओळीनं चार. इतके लहान आणि इतके जवळजवळ, की खडूनं वेगळी वर्तुळं काढायला जागा नव्हती.

त्यानं खात्रीसाठी पुन्हा एकदा नाणं मारलं. ठप.

आणि आतून उत्तर आलं...

टण.

फायबरचा नव्हे. पितळेचा आवाज.

त्यानं आत वाकून पाहिलं. रिकामी होडी. "पत्रा असंल कुठं तरी," तो मोठ्यानं म्हणाला. फायबरच्या थरात पत्रा नसतो, हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

मग घासणं सुरू झालं. निळा रंग गेला. त्याखाली करडा. त्याखाली पांढरा. आणि पांढऱ्यावर, पुढच्या बाजूला, लाल रंगात...

३.

राजपालचा हात थांबला. त्याला कुठलीही होडी चालली असती. पण माळवदावरून तीन दिवस वाट बघून जी येताना दिसली होती, तिच्यावरही लाल तीनच होता.

त्यानं हे श्रावस्तीला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आणखी एक झालं. मे महिना. गल्लीत झाड नाही. गार सावली म्हणाल तर त्या होडीखाली तेवढी. पहिल्या दिवशी गल्लीतलं लंगडं कुत्रं तिथं झोपलं होतं. नंतर कुत्रं गेलं. कोंबड्या गेल्या. मुंगीसुद्धा वळसा घालून जायला लागली.

सावली रिकामी... आणि जमीन ओली.

राजपालनं ते चारही डाग कापून काढले. काचेच्या धाग्यांची मॅट बसवली, वर रेझिनचा चिकट लेप लावला. उन्हाळ्यात रेझिनचा भरवसा नसतो. त्याला घट्ट करणारा हार्डनर चार थेंब जास्त पडला की डब्यातच दगड होतो. अर्ध्या तासात सगळी कड खणखणीत झाली.

फक्त चार जागा सोडून.

त्या मऊच.

दुसऱ्या दिवशी मऊ. नवा डबा आणला, हार्डनर दुप्पट घातला. तिसऱ्या दिवशीही मऊ. त्यानं करंगळीनं दाबून पाहिलं. दबलं. सोडल्यावर वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं.

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा...

खालून कुणीतरी उलटं दाबलं.

दुसरा कुणी असता तर होडी रस्त्यावर ओढून पेटवून दिली असती. राजपालनं दिली नाही. एक तर आई रोज विचारत होती. आणि दुसरं... त्या चार जागा कशाच्या आहेत, हे त्याला पहिल्या 'ठप'लाच कळलं होतं.

वस्तीला जे ठाऊक नव्हतं, ते आता ऐका.

पौर्णिमा माळवदावर थांबली नव्हती. होडी निघाली तशी तिनं उडी मारली आणि मागची कड पकडली. एका हातानं. दुसऱ्या हातात तांब्या होता. सांभाळ म्हणून सांगितलं होतं, तो तिनं टाकला नाही. होडी मागं कलली. पाणी आत आलं. चालवणारा ओरडला, "सोडवा तिला! समदे मरू!" मागं राजपाल बसला होता. कडेवर बहिणीची चार बोटं होती. त्यानं ती सोडवायला घेतली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं.

हात सुटला. तांब्या एकदा कडेवर आपटला.

टण.

भिमाबाई पुढं बसली होती. पाठ करून. तिला काही दिसलं नाही, असं राजपाल चाळीस वर्षं धरून चालला होता.

आता तो दिवस. बारा वाजून वीस मिनिटं. टँकर आला म्हणून सगळी गल्ली हंडे घेऊन चौकात. श्रावस्तीही तिकडंच. अंगणात राजपाल आणि बाजेवर भिमाबाई. राजपालनं हार्डनर तिप्पट घातला. मॅट दाबायचा रोलर चालेना म्हणून हातमोजा काढला आणि चार बोटांनी मॅट दाबून धरली. चार जागांवर चार बोटं.

रेझिनचा उग्र वास एकदम थांबला...

गाळाचा वास आला. पुराच्या गाळाचा.

आणि रेझिन आवळलं. रेझिन घट्ट होताना तापतं, चहाच्या भांड्यासारखं. बोटं आत अडकली. त्यानं ओढली. निघेनात. धूर निघाला. त्याला ओरडायचं होतं, पण तोंड उघडलं तर आवाजच नाही. चौकातून हंड्यांची भांडणं ऐकू येत होती. याचं कुणालाच ऐकू जाईना.

"एक एक सोडव."

मागून आवाज आला. ठणठणीत.

भिमाबाई बाजेवर ताठ बसली होती. डोळे लख्ख.

"आधी करंगळी. मग शेजारचं. तवा सोडवलीस तशी."

"माय... तुला..."

"दिसलं व्हतं की," ती म्हणाली. "म्या तोंड फिरवलं."

राजपालनं करंगळी सोडवली. कातडं तिथंच राहिलं. मग शेजारचं बोट. तेही तसंच.

"बास," भिमाबाई म्हणाली. "तुझी तेवढीच."

आणि उरलेली दोन बोटं... आपोआप सुटली. साधा चटकासुद्धा नाही.

श्रावस्ती हंडे घेऊन आली तर बाप मातीत बसलेला, उजवा हात मांडीवर. तिनं रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. केमिकलनं भाजलं, डॉक्टर म्हणाले. मलम, पट्टी, सुई. दोन तासांनी ती दोघं परत आली.

बाज रिकामी होती.

दोन वर्षं पाऊल न टाकलेली म्हातारी होडीत बसली होती. ट्रॉलीवरची होडी, छातीएवढी उंच कड. चढली कशी, हे आजवर कुणाला कळलं नाही. पुढच्या फळीवर बसून तिचे हात हवेत चालले होते. वरून खाली. तीन पदर घेत. वेणी घालतात तसे.

शेजारी एक पितळी तांब्या. तोंडापर्यंत ओला गाळ.

"आजी," श्रावस्ती म्हणाली, "ह्यो कुठला?"

"सांभाळला माझ्या शहाणीनं," भिमाबाई म्हणाली, आणि हवेतल्या वेणीला गाठ मारली.

त्या दिवसापासून म्हातारी बरी झाली. चालते. दोन भाकरी खाते. नातीला हाक मारते. दिवसभर होडीत बसते आणि कुणाशी तरी हळू हळू बोलते. होडीचं मात्र पुन्हा एकदाही विचारलं नाही.

आता ते राजपाल विचारतो.

त्याच संध्याकाळी तो घराच्या स्लॅबवर चढला तो खाली आलाच नाही. ऊन, पाऊस, थंडी. श्रावस्ती ताट वर नेऊन देते, ताडपत्री बांधून देते. दोनदा डॉक्टर आणले, चार माणसं लावून खाली ओढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. कडेला उकिडवा बसून रस्त्याकडं बघत असतो.

"श्रावू... होडी आली का गं?"

होडी खालीच असते. त्याच्या डोळ्यांसमोर.

आणि रोज दुपारी भिमाबाई अंगणात येते, कपाळावर हात धरून वर बघते. लेकराला समजवावं तशा आवाजात म्हणते,

"थांब रं. तू शहाणा हाइस की न्हाय? पुढच्या खेपेला तू."

श्रावस्ती तेव्हा कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात बसते. तिचं जमलेलं लग्न मोडलं. वर बाप, खाली आजी, मधे ती. तिनं कुणाचं काय केलं होतं? पण मी सांगितलं ना, ही थाप नाही. थापेत मी तिला सोडवलं असतं.

आता तुम्ही विचाराल, बाबूनाना, अंगणातलं तुम्हाला राजपालनंच स्लॅबवरून सांगितलं; पण पुरातलं जे त्यानं कुणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला कसं ठाऊक?

गल्लीतलं ते सोळा वर्षांचं पोरगं मी.

म्हातारा, म्हातारी आणि ती पोटुशी बाई पुढं भूकंपात गेली. उरलो तिघं. होडीत मी राजपालच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्यानं करंगळी सोडवली, शेजारचं बोट सोडवलं, आणि रडायला लागला. त्याच्यानं पुढं होईना. होडीत पाणी येतच होतं.

उरलेली दोन मी सोडवली.

परवा मी श्रावस्तीला भेटायला म्हणून गेलो होतो. होडीजवळ जायचं नाही, असं ठरवून गेलो. तरी नजर गेली. मागच्या कडेवरचे दोन डाग कडक झालेत. त्यात बोटांचे खड्डे आहेत... बोटं अडकली होती एवढाल्या पंजाच्या राजपालची, पण खड्डे नऊ वर्षांच्या पोरीच्या बोटाएवढे.

दुसरे दोन डाग अजून चकाकतायत.

भिमाकाकू होडीतून माझ्याकडं बघत होती. वेणी घालायचे हात थांबले.

"बाबू," ती गोड आवाजात म्हणाली, "दोन ओलीच हायत बघ अजून."

मी धावत घरी आलो. काल हे सगळं पारावर सांगितलं. लोक पोट धरून हसले. म्हणाले, बाबूनानाची आजवरची सगळ्यात भारी थाप. मला जन्मात कुठल्या हसण्याचा एवढा आधार वाटला नव्हता.

पण आज सकाळपासून उजव्या हाताची दोन बोटं चिकट लागतायत. साबणानं जात नाही. रॉकेलनं जात नाही. आणि मघाशी, भर दुपारी, माझ्या घराच्या जिन्यावर...

टण.

तुम्हीसुद्धा याला थापच म्हणा. हात जोडून विनवलं असतं... पण जोडलेले हात पुन्हा सुटतील, याचा भरवसा नाही.