राजपुत्र रोज लवकर मरतो

आमची पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक ड्रॅगन बसला होता.

रत्नागिरी–मालगुंड एसटी. खिडकीशी मी, कडेला तो, आणि मधे पुठ्ठ्याचं हिरवं डोकं. दात प्लास्टिकच्या चमच्यांचे.

“याचं हाफ की फुल?” कंडक्टरने विचारलं.

“लगेज आहे.”

“लगेज सीटवर बसत नाय.”

मग ड्रॅगन माझ्या मांडीवर आला. आरे-वारेच्या वळणावर त्याचा एक चमचा माझ्या ओढणीत अडकला. तो सोडवायला कडेचा मुलगा वाकला... आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. संशय मला तेव्हाच आला.

“तू अक्षया. सखारामतात्यांच्या नमनात राणी करतेस,” तो ओढणीला म्हणाला.

“तुला कोणी सांगितलं?”

“यंदाचा वग मीच रचलाय. मी दर्शन. वरच्या वाडीतला. जहाजावर असतो.”

शिमग्यात सखारामतात्या गावात नमनाचा खेळ उभा करतात : आधी गण-गवळण, मग वग. वगातलं कोणी काही लिहून देत नाही. रचणारा कथा सांगतो, बोलणं ज्याचं त्याने करायचं. दर्शनने महाकाव्यच रचलं होतं : ड्रॅगन अग्निबेट जाळतो, राजपुत्र त्याला मारतो, राणी राजपुत्राला माळ घालते.

राजपुत्र म्हणजे रितेश. वाईट नाही, फक्त गाडीच्या मायलेजखेरीज कशावरच बोलत नाही. त्याची हौसाकाकी प्रत्येक तालमीला पुढे बसायची आणि पेटीतला आंबा चाचपावा तशी मला बघायची. माळेच्या प्रसंगासाठी तिने फोटोग्राफर ठरवला होता. “फोटो घरात लावायला होईल,” असं ती माझ्या आईला म्हणाली, आणि आई चक्क लाजली. गावासमोर ती माळ रितेशच्या गळ्यात पडली, तर सकाळी नारळ घेऊन माणसं आमच्या दारात असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पण एक विचित्र गोष्ट घडायला लागली. पहिल्या तालमीत राजपुत्र जिंकला. दुसऱ्या तालमीत जिंकून जखमांनी गेला. पुढे तो लढाईतच पडला. मग लढाईला जाताना होडी उलटली. शेवटी तर तो वगाच्या सुरुवातीलाच तापाने वारला.

“मग मी करू काय?” रितेशने विचारलं.

“भूत,” दर्शन म्हणाला. “बोलायचं नाय. नुसतं उभं राहायचं.”

“माळ कोणाला घालायची मग, भुताला?” हौसाकाकी बसल्या जागेवरून म्हणाली.

दर्शन मृदंगाकडे बघत राहिला. “कथेची गरज आहे.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला सहाणेवर गाठलं. पालखी टेकते त्या चौथऱ्याच्या कडेला बसून तो जुन्या साडीची शेपटी शिवत होता.

“राजपुत्रावर एवढा राग का रे?”

“राग कसला. प्रकृतीनेच नाजूक आहे तो.”

“रितेश?”

“राजपुत्र.”

“आणि ड्रॅगनच्या आत कोण?”

“कोणी मिळेना... म्हणून मीच.”

“दर्शन, हे सगळं माझ्यासाठी चाललंय का?”

सुई त्याच्या बोटात गेली. “शिमगा झाला की मी नऊ महिने जहाजावर. असल्या माणसाने कोणाला... थांब म्हणू नये.”

हे ‘हो’ होतं की ‘नाही’, ते कळेना. मग मला त्या बोटाचाही संशय आला. रक्त अगदी वेळेवर आलं होतं.

तालमी संपताना सखारामतात्यांनी निकाल दिला. “राजपुत्र जगेल. माळ त्यालाच. आता कोणी मरायचं नाय.”

खेळाच्या संध्याकाळी अख्खं गाव जमलं. तात्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, आमची राखण कर...” ते थांबले की सगळ्यांनी “व्हय महाराजा” म्हणायचं. पाळण्यातून उतरल्यापासून आमच्या तोंडाला ती सवय.

वग रंगला. रितेशने लाकडी तलवार खुपसली. ड्रॅगन आडवा झाला. फोटोग्राफरने गुडघा टेकला, हौसाकाकी उभी राहिली, रितेशने मान पुढे केली. माझ्या हातात अबोलीची माळ.

तेवढ्यात मेलेल्या ड्रॅगनच्या जबड्यात दोन डोळे उघडले. माझ्याकडे बघून घाईघाईने मिटले.

मी रितेशला वळसा घातला, खाली बसले आणि माळ ड्रॅगनला घातली. ती चमच्यांत अडकली, तशीच राहू दिली.

मृदंग थांबला. रितेशची मान अजून पुढेच. तात्यांचा चेहरा मी बघितला नाही.

“आता बोल काहीतरी,” मी जबड्यात पुटपुटले.

बिचाऱ्याला सगळ्या गावासमोर बोलायची एकच रीत माहीत. पुठ्ठ्यातून आवाज आला :

“बा देवा महाराजा... नऊ महिने समुद्रावर चाललोय. या राणीने तोवर... माझी वाट बघावी. आल्यावर तिच्या घरी येईन, नीट, विचारायला... तर एवढं मागणं मान्य कर...”

आणि तो थांबला.

“व्हय महाराजा,” अख्खं गाव म्हणालं.

हौसाकाकीसुद्धा. मग तिने तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला होता. तात्यांनी एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा ड्रॅगनकडे, आणि मृदंगवाल्याला वाजवायची खूण केली.

दर्शन मुद्दाम थांबला होता, असा माझा संशय आहे. रोज बोटीवरून फोन येतो तेव्हा विचारते. तो म्हणतो, पुठ्ठ्यात श्वास अडकला होता.

असेल. मीही त्याला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. मृदंग सुरू झाला तेव्हा, सगळ्यांच्या नंतर, अगदी हळू... मीही म्हटलं होतं, व्हय महाराजा.