लॉर्नच्या हाताची रेघ

आमच्या कचेरीत तीनच माणसं. मालक लॉर्न थॉरवल्डसन, रंग भरणारी मारिबेल आणि मी, ओरिसिया. विनिपेगमधल्या एका जुन्या धान्यव्यापाऱ्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही मासे, पक्षी आणि किडे काढतो. शाळेच्या पुस्तकांसाठी, तळ्यावर गळ टाकणाऱ्यांच्या हातपुस्तिकांसाठी. बारा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर काढत होतो. जानेवारीत नवे संगणक आले आणि त्यांच्यावर ते चालेना.

"चार-पाच वापरून बघ आणि एक ठरव," लॉर्न म्हणाला. मग त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं आपोआप हलत होती, गार वाऱ्यात पान हलावं तशी. "आणि याचा विचार करून ठरव."

आजाराचं नाव त्याने कधी उच्चारलं नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस माशाचा एकेक खवला हाताने काढत आला होता आणि नोव्हेंबरपासून त्याला कपसुद्धा धड धरता येत नव्हता. हात थरथरला तरी रेघ सरळ करून देणारी सोय हल्ली बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती कुठे चांगली आहे, एवढंच मला शोधायचं होतं.

माझी परीक्षा साधी होती. स्क्रीनवर चालणारं पेन डाव्या हातात धरून वर्तुळ काढायचं. माझा डावा हात लॉर्नच्या उजव्यासारखाच चालतो.

पहिल्यात रेघ पेनाच्या मागून फरफटत यायची. दुसरं बरं होतं, पण कोपरे गोल करून टाकायचं. तिसरं दर अर्ध्या तासाने बंद पडायचं. चौथं कुणा छोट्या कंपनीचं होतं. त्यावर मी वर्तुळ काढलं आणि ते परकाराने काढल्यासारखं आलं.

पेन खाली ठेवताना कळलं की माझ्या हाताची मागची बाजू ओली आहे. पाण्याने नव्हे. गर्दीच्या बसमध्ये आधीच्या माणसाने धरलेला दांडा धरावा, तशी कोमट, बुळबुळीत ओल. पेनावर पिवळसर साय होती. मी वास घेतला आणि लगेच पस्तावले. प्लॅस्टर काढल्यावर आतल्या कातडीला येतो, तो वास.

मी पेन स्पिरिटने पुसलं. पुन्हा वर्तुळ काढलं. पुन्हा तेच.

"तू डब्यात काय आणलंयस गं?" मारिबेल नाक दाबून म्हणाली. "कोबीचे रोल का? महिनाभरापूर्वीचे?"

"माझा डबा घरीच राहिलाय," मी म्हटलं.

तेवढ्यात लॉर्न आत आला, माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने पेन उचललं. मी नको म्हणेपर्यंत स्क्रीनवर पिकरेल माशाचा जबडा उमटला होता. मग डोळा. मग खवले, एकामागून एक, एकही चुकीचा नाही. लॉर्नचा खांदा थरथरत होता, कोपर थरथरत होतं. मनगटापासून पुढे मात्र सगळं शांत होतं.

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "हेच घ्यायचं," तो म्हणाला.

मी दोन दिवस मागून घेतले.

त्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं चित्र सुरुवातीपासून परत चालवून बघता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्न डॉक्टरकडे गेला असताना मी त्याचा मासा लावला. त्याने तो वीस मिनिटांत काढला होता. फाइलवर लागलेला वेळ लिहिला होता अकरा तास.

आधी जबडा आला. मग रेघ थांबली, कोपऱ्यात गेली आणि तिथे एक नख काढलं. पुसलं. पुन्हा काढलं.

दोन खवल्यांच्या मधे नख. नंतर नखाखालचा मळ. नंतर बोट, फुगलेलं, पांढरं, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखं सुरकुतलेलं. पेरापाशी कातडी सुटून लोंबत होती आणि कुणीतरी ती लोंबणारी कातडी अतिशय प्रेमाने, केसाएवढ्या बारीक रेघांनी काढत होतं. पुसत होतं. पुन्हा काढत होतं. दर वेळी आधीपेक्षा चांगली.

माझ्या वर्तुळांच्या फाइलीही उघडल्या. त्यांतही तेच होतं.

मारिबेल मागे येऊन उभी राहिली होती. तिने बघितलं, तोंडावर हात धरला आणि बाथरूमकडे धावली. तिच्या ओकाऱ्या मला भिंतीतून ऐकू येत होत्या.

लॉर्न अकराला आला. मी त्याला ते लावून दाखवलं. तो शेवटपर्यंत बघत राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या रेघेलाच कळलं. कुणी आपला हात धरला की कळतंच ना."

"लॉर्न, मला शिसारी येतेय. मी हे आत्ता काढून टाकतेय."

"तुझा हात चालतो, ओरिसिया." आवाज चढला नव्हता. "तुला शिसारी परवडते."

मी माउस धरून बसून राहिले. बारा वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आताही तो मागत नव्हता, नुसता बघत होता. शेवटी मी हात मागे घेतला.

ते त्याच्या एकट्याच्या संगणकावर राहिलं. मी आणि मारिबेलने दुसरं घेतलं, कोपरे गोल करणारं. आमची टेबलं खिडकीकडे सरकवली आणि उणे पंचवीसमध्येही खिडकी बोटभर उघडी ठेवू लागलो.

माशांची हातपुस्तिका मार्चमध्ये पूर्ण झाली. इतकी सुंदर चित्रं लॉर्नने तरुणपणीही काढली नव्हती, असं प्रकाशकाने कळवलं. लॉर्नचा हात आता पेनाशिवायही स्थिर असायचा. मारिबेलने आणलेलं सूप त्याने एक थेंब न सांडता प्यायलं. चमचा ठेवला तिथे टेबलावर ओला ठसा उठला. तो कुणी पुसला नाही.

चार वाजता तो घरी निघाला. बाहेर बर्फाचं वादळ होतं. कोट घातला, टोपी घातली, डाव्या हातात मोजा चढवला आणि उजवा हात तसाच उघडा सोडून दाराकडे गेला.

"अरे, बोटं गळून पडतील," मारिबेल म्हणाली. "दुसरा मोजा कुठेय?"

लॉर्नने खिशातून तो काढून तिच्या टेबलावर ठेवला.

"तुला घे," तो म्हणाला. "आता मावत नाही."