घारदऱ्यातली सुरगाठ

माझ्या नवऱ्याला गिधाड पाहायचं होतं. मला माहेरी न्यायचं म्हटलं की ज्याला शंभर सबबी सुचतात, तो दिनेश एका पाखरासाठी भाजीचा बाजार अर्धा सोडून डोंगरात निघाला!

त्याला कारण त्याचे काका, जानराव. धावड्याच्या झाडांचा डिंक गोळा करत ते डोंगर पालथा घालतात. फाल्गुनात त्यांनी घारदऱ्याच्या कड्यावर गिधाडांची जोडी पाहिली. आमच्या आसेगावात कुणी मानेना. वीस वर्षांत मेलेल्या ढोरावर कुत्र्यांशिवाय काही उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लोक काकांना ‘गिधाडराव’ म्हणून चिडवू लागले. मंगरूळपीरचे पक्षिमित्र म्हणाले, फोटो आणा, मग मानू. दिनेश पेटलाच.

पहाटे शेलूबाजारात मेथी उतरवली आणि आम्ही तिघं जीपने डोंगराच्या पायथ्याशी आलो. भाकरी, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या, चाळीस हात दोर. माझ्या पिशवीच्या तळाशी जुड्या बांधायच्या सुतळीचे हातभर कापलेले तुकडे होते. ते तिथे बारा महिने असतात.

तीन तास चढल्यावर घारदरा एकदम पायाखाली उघडला. दोन्ही बाजूंना काळे सरळ कडे, तळाशी वाळलेला नाला, मधून गरम वारा वर येत होता आणि आमच्याच बाजूच्या कड्यावर चुना सांडावा तसे पांढरे ओघळ उतरले होते.

“पाह्य, विष्ठा हाय ते!” काका कुजबुजले. “घरटं ह्याच अंगाले असन, आपल्या खालीच.”

खाली वीस हातांवर एक अरुंद कपार होती. तिथून घरटं दिसेल, एक फोटो काढून वर येतो, असं दिनेश म्हणाला. त्याने दोर कमरेला बांधला. दुसरं टोक मी धावड्याच्या बुंध्याला बांधलं.

“पक्कं बांधलं ना वं?” त्याने विचारलं.

“दिवसाले पाचशे जुड्या बांधतो मी,” मी तोऱ्यात म्हटलं. “मले शिकवू नका.”

तो दोराला लोंबकळत उतरू लागला. मी कडेला वाकून पाहत होते. तेवढ्यात काहीतरी सरसरत माझ्या पायाजवळून गेलं. दोर! मी झडप घातली. हातात नुसती धूळ आली. खालून धप्प आवाज आला.

चूक माझी होती. मेथीच्या जुडीला सुरगाठ मारतात. गिऱ्हाइकाने टोक ओढलं की जुडी मोकळी! वीस वर्षं माझा हात तीच गाठ मारतो. धावड्यालाही त्याने तीच मारली होती.

“दिनेश!” मी किंचाळले.

“हाय... जित्ता हाय.” आवाज क्षीण होता. शेवटचे पाच-सहा हात तो पडला होता. डावा हात मोडला होता, डोक्यातून रक्त येत होतं, मोबाइल दरीत गेला होता. “सायली, इथं पिलू हाय वं. माह्या पायापाशीच!”

तेवढ्यात खाटेएवढे पंख पसरून एक गिधाड आलं आणि त्याच्यापासून चार हातांवर बसलं. मग दुसरं आलं. आम्ही त्यांना पाहायला आलो होतो, आता ती दोघं माझ्या नवऱ्याकडे पाहत होती!

माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. गावातून माणसं आणायची तर अंधार पडला असता. आणि दिनेशला भोवळ येत होती. कपार दरीकडे उतरती. डोळे मिटले की संपलं!

“दोर त्याच्या कमरेलेच हाय,” काका म्हणाले. “पन वर कसा आनायचा?”

मी पिशवी उलटी केली. सुतळी! माणूस पेलणार नाही, पण दोर तर वर ओढेल. मी तुकड्याला तुकडा जोडत सुटले, टोकाला दगड बांधला आणि माळ खाली सोडली. दिनेशच्या डोक्याजवळ पोचता पोचता ती मधूनच सुटली. दगड अर्धी सुतळी घेऊन दरीत गेला.

घाईत हाताने पुन्हा सुरगाठ मारली होती! मी स्वतःच्याच हातावर फाडकन चापट मारली आणि रडू कोसळलं.

“पोरी, रडजो मंग,” काका म्हणाले. “आता हाताकडे पाहून बांध.”

मी पाहून बांधलं. प्रत्येक निरगाठ दातांनी आवळली. सुतळीने ओठ फाटले. “दिनेश, बोलत राह्या!” मी ओरडायचे. आधी तो “हो” म्हणायचा. मग “हं”. मग काहीच नाही.

“पिलू काय करून राह्यलं?” काका ओरडले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “मलेच पाहून राह्यलं...”

तुकडे संपले. माळ हातभर कमी पडत होती. काकांनी गळ्यातला दुपट्टा काढून दिला. तो जोडला, मी कड्यावर पालथी पडले, काकांनी माझे पाय धरले. दगड दिनेशच्या खांद्याला लागला. एका हाताने आणि दातांनी दोराचं टोक बांधायला त्याला युग लागलं. मी ओढू लागले. हळू! अजून हळू! दोर माझ्या मुठीत आला.

काका गाठ मारायला पुढे झाले. मी म्हटलं, “नाई. मीच बांधतो.” तीन निरगाठी मारल्या.

मग आम्ही दोघांनी ओढलं. तो पाय रोवत वर सरकू लागला. अर्ध्यावर एकदम ओरडला, “थांबा! दगड पिलावर पडून राह्यले!”

“तुमी आधी वर या!”

“बाजूनं ओढ, सायली!”

तशातही मी त्याला शिवी दिली. पण बाजूने ओढलं. हातांची सालं निघाली. आधी त्याची बोटं दिसली, मग रक्ताने माखलेलं तोंड. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला छातीशी ओढलं. काका मातीत बसून लहान मुलासारखे रडत होते.

उतरताना काकाच म्हणाले, “फोटो नाई, तेच बरं. लोकं आले तं पिलू जगनार नाई. म्हनू दे मले गिधाडराव.”

मंगरूळपीरच्या पक्षिमित्रांनी विचारलं, तेव्हा प्लॅस्टरमधला हात कुरवाळत दिनेश म्हणाला, “घारी होत्या.” काका शेजारी चहा पीत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

पुढच्या बाजारी एक बाई जुडी घेऊन परत आली. “काय बांधलं वं हे? ओढू ओढू बोटं दुखले, सुटतच नाई!”

मी पाहिलं. ओळीने लावलेल्या सगळ्या जुड्यांना निरगाठी होत्या. पलीकडे दिनेश एका हाताने वांगी तोलत होता.

“विळ्यानं कापा, बाई,” मी म्हटलं. “आता असंच बांधतो मी.”