चौथीच्या खोलीची भिंत

"मॅडम, शाळेची भिंत पडली. रविवार होता म्हणून पोरं वाचली."

सोमवारी सकाळी आलेल्या या फोनचं रश्मी मेश्रामला नवल वाटलं नाही, संताप आला. बांधकाम विभागाची कनिष्ठ अभियंता म्हणून तिनं तिथल्या चौथीच्या खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तीनदा वर पाठवला होता. दोनदा मंजुरी आली, निधी आला नाही. तिसऱ्यांदा निधी मार्चअखेरीस आला आणि खर्च होण्याआधीच परत गेला.

शाळेची टोली, म्हणजे थोड्या घरांची वस्ती, एकोडी गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांत होती. शाळेला शिक्षक एकच, मुख्याध्यापक मधुकरराव पराते. दुसरी जागा कधीची रिकामी.

मधुकररावांनी शेजारच्या बांधीकडे बोट दाखवलं. "तुलारामचा पंप. पाणी पायव्यात मुरलं. आपत्तीच्या निधीत बसेल ना हे?"

शाळा समितीचा अध्यक्ष तुलाराम भडकला. "माह्या पंपाचं नाव काहून घेता गुरुजी? शुक्रवारपासून वावरातली डीपी जळून आहे. पंप का मी तोंडानं फुंकून चालवू?"

रश्मी बाहेरून फिरली. पायव्याजवळची माती भुरभुरीत, कोरडी ठाक. आत मात्र ढिगाऱ्याखाली चिखल होता. मातीच्या जोडाईची भिंत मुळापासून विरघळली होती.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळसाबाई ढिगाऱ्यातून तांदळाची पोती ओढता ओढता रडकुंडीला आल्या होत्या.

"हा तांदूळ कधी आला?"

"शनवारी, शाळा सुटल्यावर. गुरुजी साकोलीले निघून गेले होते. मी माह्या चाबीनं खोली उघडली अन् दारापाशीच रचून ठेवला."

"आत पाणी दिसलं नाही?"

"अंधारात का दिसन? खिडक्या बंद. बिलाचे पैसे आले नाही म्हून लाइट कापून नेला जी."

रश्मीनं वरचं पोतं पाहिलं. विटांनी फाटलेलं, पण दाणा कोरडा. खालच्या पोत्यातला दाणा फुगून मऊ झालेला.

"बाक आणि तक्ते?"

"वरांड्यात. गुरुजीनं शनवारीच काढले. झाडलोट करतो म्हणे."

हात धुवायला रश्मीनं शाळेच्या टाकीची तोटी फिरवली; शेजारी परसबागेची नळी गुंडाळून ठेवलेली होती. थेंबही आला नाही.

"शनवारी गच्च भरली होती," तुळसाबाई म्हणाल्या. "कालची त सुट्टीच होती."

रश्मी वरांड्यातल्या बाकावर बसली.

"खालचा तांदूळ फुगलाय, भिंत मुळातून विरघळलीय. म्हणजे भिंत पडण्याआधीच खोलीत पाणी साचलं होतं. बांधीचं असतं तर बाहेरची माती ओली असती. हे टाकीचं पाणी. तुळसाबाईंनी सोडलं असतं, तर त्यांनी तांदूळ तिथं ठेवला नसता. तुलारामजींकडे चावी नाही. ज्यानं हे केलं त्यानं बाक वाचवले, तक्ते वाचवले. तांदूळ राहिला, कारण तो आल्याचं त्याला माहीतच नव्हतं. शनिवारी निघताना परसबागेची नळी मागच्या खिडकीतून आत घेऊन भिंतीशी कोणी बारीक सोडली, गुरुजी?"

मधुकररावांनी चष्मा काढला.

"मी. तुमच्यासोबत तीनदा खरं लिहून पाठवलं, मॅडम. भेग रोज वाढत होती. पडलेल्या खोलीला लगेच पैसा मिळतो म्हणे. पोरांवर पडायच्या आधी मीच पाडली."

"अन् नाव माह्या पंपाचं!" तुलाराम म्हणाला.

"चुकलं, भाऊ."

"आपत्तीच्या निधीचा खर्चही थांबवलाय," रश्मी म्हणाली. "शुक्रवारीच पत्र आलं." आपण कोणावर चिडलोय, हे तिचं तिलाच कळेना.

मग तुलाराम खाकरला. "मॅडम, लिहून टाका माह्या पंपाचंच. गुरुजी गेले त दुसरा मास्तर येते का?"

"नाही येणार. पण डीपी जळाल्याची तक्रार तुम्हीच केली असेल ना?"

"केली न."

"मग ते खोटं टिकायचं नाही."

तिनं पंचनाम्याचा कागद काढला आणि जे दिसलं तेच लिहिलं. खाली तिन्ही प्रस्तावांचे क्रमांक लिहिले. ते कोणी वाचणार नाही, हे ठाऊक असूनही लिहिले.

मधुकरराव लिहिणाऱ्या हाताकडे पाहत होते. "निलंबनाचा आदेश यायला आठवडा तरी लागेल ना?"

"लागेल."

"मग चौथीचा भागाकार होतो पुरा."

ते उठले, बाकावरचा फळा काखेत मारला आणि आंब्याखाली बसलेल्या पोरांकडे चालू लागले.