मागच्या बोळातला खटका

जळकोटात शेषेरावांच्या घरात किती वेळा बांधकाम झालं, हे भिंतींवरून कळत नसे, बटणांवरून कळे. स्वयंपाकघर सगळ्यात जुनं. तिथं लाकडी पट्टीवरून वायर गेलेली, लाकडाच्याच गोल ठोकळ्यावर काळं बटण, त्याच्या मधोमध बोंडाएवढी दांडी. दांडी खाली ओढली की दिवा लागे, वर ढकलली की जाई, आणि दोन्ही वेळेला असा आवाज होई की ओसरीवरच्या माणसाला कळावं, आता चहा येणार. शेषेराव त्याला खटका म्हणत. मधल्या खोलीत पांढरी चपटी बटणं होती, पोरगा दयानंद कॉलेजात गेला त्या वर्षी बसवलेली. त्यांचा आवाज कमी. दयानंद त्यांना बटण म्हणे. समोरच्या नव्या खोलीत रुंद गुळगुळीत पट्ट्या, नुसतं बोट टेकवलं की आत जाणाऱ्या. त्यांना सून शिल्पा स्विच म्हणे. एका घरात एका कामाला तीन शब्द होते आणि कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं.

घराच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ होता. मधल्या खोलीतून निघून तो मागच्या दारापर्यंत जाई, आणि दाराबाहेर म्हशीचा गोठा. शेषेरावांची बायको गुणाबाई लग्न होऊन आली तेव्हा पहाटे धार काढायला तिलाच जावं लागे. बोळातल्या दिव्याचा खटका खोलीत, आणि ती बादली घेऊन दाराशी. दिवा लावून गेलं तर तो जळत राही आणि सासरा बोले. शेवटी तिनंच वायरमन महादेवप्पाला अडवून विचारलं, जिन्यात असतात तशी दोन टोकांना दोन बटणं इथं बसतात का. महादेवप्पानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, वैनी, जिना कुठाय?

"जिना न्हाई, मी हाय की," गुणाबाई म्हणाली.

दोन खटके बसले. एक शेषेरावांच्या बाजेच्या उशाशी, एक मागच्या दाराजवळ. दिवा दोघांत एकच. अशा जोडीत चालू आणि बंद यांची ठरलेली जागा नसते. इकडून लावलेला तिकडून जातो, तिकडून घालवलेला इकडून येतो. तरुणपणी शेषेराव ती धारेला बसली की मुद्दाम उशाचा खटका दाबत. गोठ्यातून हाक येई, "अवो, माणूस हाय इकडं." मग ते पुन्हा दाबत. महिन्यातून एखाद्या वेळी ती परत येताना बादली त्यांच्या बाजेवर ठेवून काही न बोलता निघून जाई. तिचा राग तेवढाच.

ओल्या हातानं खटक्याला शिवायचं नाही, असं सासऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून तिनं जन्मभर पदर मध्ये धरूनच तो दाबला. घरातल्या बाकीच्या खटक्यांभोवती बोटांचे काळे डाग पडले. तिच्या खटक्याभोवतीची भिंत मात्र पदरानं घासून तकतकीत झाली.

मृगाच्या आधी गुणाबाई गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि लातूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरून तिला उचललं तेव्हा शेषेराव उंबऱ्याशी उभे होते. शेताला, बाजाराला, माहेराला, कुठंही निघाली की ती उंबऱ्यात थांबून "येते" म्हणायची, आणि हे जिथं असतील तिथून "ये" म्हणायचे. तोंडाला सवय पडलेली. तिरडी उंबरा ओलांडत होती आणि शेषेराव म्हणाले, "ये."

मोठ्यानं म्हणाले नव्हते. तरी जवळच्यांनी ऐकलं. चुलतभाऊ व्यंकटरावांनी मान वळवून बघितलं. मयताच्या घरून निघताना माणसं एकमेकांनासुद्धा येतो म्हणत नाहीत, गपचूप उठून जातात. इथं तर गेलेल्या बाईला बोलावणं झालं होतं.

तेरावं उरकल्यावर दयानंदनं बापाला लातूरला चला म्हणून सांगून बघितलं. तो तिथं कॉलेजात शिकवतो, घर मोठं आहे. शेषेराव नाही म्हणाले. मग त्यानं वायरिंगचं काढलं. सगळं जुनं झालंय, कधी ठिणगी उडेल सांगता येत नाही, आता फोनवरून चालणाऱ्या काचेच्या पाट्या मिळतात. लातुरात बसून त्याला दिसेल की अण्णांनी दिवा लावला, म्हणजे अण्णा उठले, बरे आहेत. पोराच्या पोटात माया होती, हे शेषेरावांना कळत होतं. ते म्हणाले, सगळं बदला, फक्त मागच्या दाराजवळच्या खटक्याला हात लावू नका.

एका रविवारी ते शेळी बघायला मुखेडच्या बाजाराला गेले. एसटीनं परत आले तेव्हा उशाशी काचेची काळी पाटी होती आणि मागच्या दाराजवळ काहीच नव्हतं. भोक बुजवून वर रंगाचा हात मारलेला.

दयानंद समजावून सांगत होता. नव्या पाटीला दुसरं टोक जोडता येत नव्हतं. तुम्ही तर इकडूनच लावणार.

"तिकडून कोण लावणार हाय आता, अण्णा?"

 पोरगा लातूरला परत जाईपर्यंत शेषेराव त्याच्याशी जेवण आणि पाण्यापुरतं बोलले.

तो गेला त्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी पाटीला बोट लावलं. काचेत निळा ठिपका उमटला, बोळात दिवा लागला. आवाज कसलाच नाही. ते चहा ठेवायला वळले, आणि मागून खट्ट झालं.

बोळात अंधार होता. लाईट गेली असेल म्हणावं, तर स्वयंपाकघरातला दिवा चालू. परत येऊन बघितलं तर निळा ठिपका तसाच जळत होता. म्हणजे पाटीच्या हिशेबानं दिवा लागलेलाच होता. त्यांनी बोट लावलं. ठिपका गेला आणि दिवा आला.

शेषेराव बराच वेळ तिथं उभे राहिले. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. तरी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नव्हता तो. जोड ढिला असेल, असं म्हणून त्यांनी चहा घेतला. पण दुसऱ्या दिवशीही त्याच वेळेला तेच झालं, तेव्हा महादेवप्पाला बोलावणं धाडलं.

महादेवप्पा आता म्हातारा झाला होता, चष्मा लावून काम करायचा. उन्हं होती तोवर त्यानं पाटी खोलली, वायरी तपासल्या, सगळं चोख होतं. मग दिवेलागणीला बोळातला दिवा लावून चहाला थांबला. कपातला अर्धा चहा झाला होता तेव्हा बोळात खट्ट वाजलं आणि दिवा गेला.

महादेवप्पानं आधी पाटीकडं बघितलं. निळा ठिपका चालू होता.

"हे टू-वेचं लक्षण हाय, शेषेराव," तो म्हणाला. "इकडं चालू असून दिवा गेला, म्हंजे तिकडून दाबलं कुणीतरी." मग म्हणाला, "पण तिकडं बटणच न्हाई. वायरबी त्या रविवारी मीच तोडलीय. ह्या हातानं."

तो बॅटरी घेऊन मागच्या दाराजवळ गेला. नवा रंग सगळीकडं कोरडा, बिनचमकीचा होता. बुजवलेल्या भोकाभोवती मात्र तळहाताएवढी भिंत चमकत होती. त्यानं बोट फिरवलं. वर्षानुवर्षं फडक्यानं घासावं तशी गुळगुळीत. त्यानं बोट मागं घेतलं, हत्यारं पिशवीत भरली आणि उरलेला चहा तसाच ठेवून गेला.

ही गोष्ट महादेवप्पानं कुणालाच सांगितली नाही, फक्त बायकोला सांगितली. त्यामुळं ती जळकोटभर व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार लागली.

व्यंकटराव आले. बाजेच्या कडेला बसले, तंबाखू मळली, इकडंतिकडंचं बोलले. मग मुद्द्यावर आले.

"शेषा, तू तिला ये म्हणलास. मी ऐकलंय."

"म्हणलो."

"गेलेल्याला ये म्हणत न्हाईत. आता त्या भिंतीपुढं उभा राहा अन् एकदा जा म्हण. एक शब्द हाय. सुटंल बिचारी."

"कशातून सुटंल? घरातून?" शेषेराव म्हणाले. "भांडून माहेरी निघाली तवाबी मी जा म्हणलो न्हाई. पेटी डोक्यावर घेऊन उभी होती, तवाबी ये म्हणलो. आता म्हणू?"

"तुला भ्या वाटत न्हाई?"

"नवीन काय हाय त्यात? जिती होती तवाबी घालवायचीच की दिवा."

व्यंकटराव हसले नाहीत.

भीती वाटत नाही, हे शेषेरावांचं म्हणणं पुरतं खरं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी तरुणपणासारखा पाटीला बोट लावून आपणच दिवा घालवला आणि हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. बोळातून ताज्या दुधाचा वास आला, फेस बसायच्या आधी येतो तसा, कोमट. म्हैस विकून कैक वर्षं झाली होती. गोठ्यात आता सरपण होतं. त्यांनी दिवा लावला तेव्हा मागच्या दाराजवळ फरशीवर ओला गोल उमटलेला होता, बादली टेकवून उचलावी तसा. दाराची कडी आतून लागलेली.

ती त्यांनी दोनदा ओढून बघितली. तो ओला गोल त्यांनी पुसला नाही. तिथंच भिंतीला टेकून बसले आणि तो वाळेपर्यंत उठले नाहीत.

त्याच आठवड्यात दयानंद आणि शिल्पा आले. बोलणं जळकोटातून लातुरात पोचलं होतं. दयानंदनं व्यंकटराव आणि महादेवप्पालाही बोलावून घेतलं, म्हणजे बापाला चार माणसांपुढं नाही म्हणता येणार नाही. त्यानं सरळ सांगितलं. तुम्ही इथं एकटे, अंधारात त्या भिंतीशी बसून राहता, हे मला बघवत नाही. आज तो शब्द म्हणा. नाहीतर उद्या घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार. घर पुढं विकायचं की ठेवायचं ते मग बघू.

"मी आलो न्हाई तर?"

"उचलून नेईन, अण्णा."

शिल्पा सासऱ्याला कधी उलटून बोलत नसे. ती हळूच म्हणाली, "मामा, आत्यांनाच त्रास होत असेल तर? रोज यावं लागत असेल तर?"

हे मात्र शेषेरावांना लागलं. बाकी कुणाच्या बोलण्याचं काही वाटलं नव्हतं. ते खाली बघत बसले. अंधारून आलं. मग उठले आणि बोळातून चालत मागच्या दाराजवळ गेले. बाकीचे खोलीच्या तोंडाशी उभे राहिले.

दयानंदनं पाटीला बोट लावलं. दिवा लागला.

खट्ट.

अंधार झाला. शिल्पानं दयानंदची बाही धरली. त्यानं पुन्हा बोट लावलं. दिवा आला.

खट्ट.

या वेळी दयानंदनं पाटीला हात लावला नाही.

"म्हणा, अण्णा," तो अंधारात म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

शेषेरावांनी चाचपडत भिंतीवरची ती गुळगुळीत जागा शोधली आणि तिच्यावर तळहात ठेवला. भिंत कोमट होती.

"तरास होत असंल तर नको येऊ," ते म्हणाले. "तुझी मर्जी. पण मी जा म्हणणार न्हाई. पोरगा म्हणाला तरी न्हाई, गाव म्हणालं तरी न्हाई."



"ये," शेषेराव म्हणाले.

खट्ट झालं. दिवा आला.

व्यंकटराव दोन पावलं मागं सरकले. दयानंदच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग राग आला. तो आत जाऊन स्टूल घेऊन आला. म्हणाला, भिंत फोडत बसायला नको, हा बल्बच काढतो, होल्डरच काढतो, दिवाच नसला तर घालवणार काय आणि लावणार काय.

"थांब," शेषेराव म्हणाले. "मी काढतो."

ते स्टुलावर चढले. पाय सांभाळा, असं काहीतरी महादेवप्पा पुटपुटला. शेषेरावांनी बल्ब आत दाबला, फिरवला आणि ओढला. बल्ब सुटून हातात आला. त्यांनी खाली वाकून तो दयानंदच्या हातात ठेवला.

"घे. तू आणलेला हाय, लातूरला घेऊन जा. मी हितंच ऱ्हाणार."

दयानंदनं बल्ब घेतला. महादेवप्पा वर रिकाम्या होल्डरकडं बघत होता. शिल्पा बल्बकडं बघत होती.

दयानंदच्या हातातला बल्ब विझलेला होता. बोळात उजेड तसाच होता.